स्वतःच्या वहीत काय लिहायचं?

‘रोज थोडं लिहीत जा, बरं वाटेल’ हा सल्ला हल्ली सगळीकडून मिळतो. समुपदेशक देतात, शाळेतल्या बाई देतात, निवृत्त झालेल्या सासऱ्यांना सून नवी डायरी आणून देते. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. म्हणून वाचकांचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच राहिले आहेत. लिहायला बसल्यावर लिहायचं काय? माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं आहे तरी काय? ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, चालेल का? घरात कुणी वाचलं तर? आठवडाभर लिहिलं आणि उलट जास्तच उदास वाटायला लागलं, आता काय करू? जानेवारीत सुरू केलेली डायरी मार्चपर्यंत थांबते आणि ‘एवढंही आपल्याला जमलं नाही’ ही आणखी एक बोच मागे ठेवून जाते.

माझं मत आधीच सांगते. वहीत स्वतःला उपदेश करून आत्मविश्वास येत नाही. ‘मी खंबीर आहे’ असं पानभर लिहिलं तरी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनसमोर पाय जड व्हायचे ते होतातच. घडलेलं नेमकं लिहून ठेवलं आणि काही दिवसांनी आपणच ते वाचलं, की आपण प्रत्यक्षात काय केलं, कुठे उभे राहिलो, कुठे गप्प बसलो हे समोर येतं. स्वतःवरचा भरवसा तिथून वाढतो. खालच्या सगळ्या सूचना याच समजुतीवर उभ्या आहेत.

आधी गरज ओळखा

एकाच वहीकडून सगळं मागितलं की काहीच धड होत नाही. आत्ता तुम्हाला काय हवंय ते ठरवा आणि दोन महिने तेवढंच करा.

- डोक्यातला गोंगाट उतरवायचा असेल, तर विषय न ठरवता सलग लिहा. अमेरिकन लेखिका ज्युलिया कॅमेरून यांनी १९९२ साली ‘द आर्टिस्ट्स वे’ या पुस्तकातून सकाळी उठल्याबरोबर हाताने तीन पानं लिहायची रीत लोकप्रिय केली. ती याच कामाची. सुरुवातीचे काही आठवडे ही पानं पुन्हा वाचायची नसतात, त्यामुळे मन हलकं होतं. पण स्वतःची ओळख पटायला एवढ्यावर भागत नाही.
- एखादा निर्णय अडला असेल, तर त्या प्रश्नाची वेगळी वही करा. नोकरी सोडायची का, गावी परत जायचं का, लग्नाला होकार द्यायचा का. रोज तोच प्रश्न वर लिहा आणि त्या दिवशी जे सुचेल ते खाली. तीन आठवड्यांत कोणतं कारण रोज येतं आणि कोणतं एकदाच येऊन गेलं, ते कळतं.
- कशाची तरी भीती वाटत असेल, तर आधी-नंतरची नोंद ठेवा. ती पुढे सविस्तर सांगितली आहे.
- गेलेलं आयुष्य पाहायचं असेल, तर जन्मतारखेपासून सुरुवात करू नका. शाळेपर्यंत येता येता दमछाक होते. एक घर, एक माणूस, एक भांडण असं सुटं सुटं लिहा. क्रम नंतर लावता येतो.
- आतलं लिहायला नकोसं वाटत असेल, तर बाहेरचं लिहा. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये (१९५६) मराठी महिन्यांच्या क्रमाने झाडं, फुलं, आकाश टिपलं आहे. आपल्या गल्लीतलं एक झाड वर्षभर पाहून लिहिणं हीसुद्धा पूर्ण साधना आहे. पाहण्याची सवय लागली की माणूस हळूहळू स्वतःकडेही तसंच नीट पाहू लागतो.

वही, वेळ, जागा

छापील तारखांची डायरी घेऊ नका. तिच्यातले कोरे दिवस डोळ्यांत खुपतात. साधी दोनशे पानी वही घ्या आणि तारीख हाताने टाका. महागडी, जाड पुठ्ठ्याची वही घेतली की तिच्यात ‘चांगलंच’ लिहायला हवं असं दडपण येतं. तिथेच हात थांबतो.

मोबाइलवर लिहिलं तरी चालेल. पण एकदा नोंद झाल्यावर जुनी वाक्यं खोडून सुधारत बसू नका. अक्षर जमत नसेल, डोळ्यांचा त्रास असेल किंवा लिहिण्याची सवयच नसेल तर बोलून ठेवा. फोनवर मराठीत बोललेलं आपोआप टंकित होतं, नुसता आवाजही साठवता येतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडची गाणी घरातल्यांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली त्यांचं पुस्तक झालं. हातात लेखणी नसली तरी आपलं म्हणणं टिकतं.

वेळ म्हणाल तर पंधरा मिनिटं पुरतात. ती आधीच ठरलेल्या कामाला जोडा: डबे भरून झाल्यावर, लोकलमध्ये बसायला मिळाल्यावर, रात्री ओटा पुसून झाल्यावर. घरात निवांत कोपरा नसेल तर सार्वजनिक वाचनालय, ऑफिसातली जेवणाची सुट्टी, मुलांच्या क्लासबाहेर थांबण्याचा तास, यांतलं काहीही चालतं. आठवड्यातून चार वेळा लिहिलं तरी भरपूर झालं. रोजचा नेम हा ज्यांना झेपतो त्यांचा.

घडलेलं आधी, मत शेवटी

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. बहुतेकांच्या वहीतली नोंद अशी असते:

‘आज मीटिंगमध्ये माझा पाणउतारा झाला. मला चारचौघांत बोलताच येत नाही. नेहमी असंच होतं.’

तीन वाक्यांपैकी एकातच थोडीशी घटना आहे. बाकी सगळा निकाल. असं महिनाभर लिहिलं तर वही आपल्याविरुद्धच्या निकालांनी भरते आणि लिहून जास्त उदास वाटतं, यात नवल नाही. आता तोच प्रसंग पुन्हा लिहून पाहू:

‘साडेअकराची मीटिंग. माल उशिरा येतोय, हे मी सांगायला लागले. दुसऱ्या वाक्याला साहेब म्हणाले, “हे नंतर बघू.” मी बसले. कान तापले होते. पुढचं काही वेळ ऐकूच आलं नाही. जेवताना शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, “मुद्दा बरोबर होता तुझा.” मी म्हटलं, “जाऊ द्या हो.”’

इथे काय काय दिसतं बघा. ही बाई बोलली होती. तिला दुसऱ्या वाक्याला अडवलं गेलं. मुद्दा योग्य होता आणि तसं सांगणारं एक माणूस त्याच खोलीत होतं. ते कौतुक तिने ‘जाऊ द्या’ म्हणून स्वतःच झटकून टाकलं. ‘मला बोलता येत नाही’ या वाक्यावर काहीच उपाय करता येत नाही. ‘मधेच अडवलं तर पुढे काय म्हणायचं?’ या प्रश्नाला मात्र उत्तर असतं. ‘दोनच मिनिटं लागतील, आत्ता सांगते’ हे वाक्य तिला वहीत लिहून, दोनदा मोठ्याने म्हणून पुढच्या मीटिंगला नेता येईल.

नोंद करताना एवढं सांभाळा:

- वेळ, ठिकाण आणि कोण कोण होतं ते लिहा.
- बोलले गेलेले शब्द आठवतील तसे लिहा. ‘ते वाटेल ते बोलले’ यातून काहीच हाती लागत नाही.
- शरीरात काय झालं ते लिहा: घसा कोरडा पडला, पोटात गोळा आला, हसू आलं.
- आपण काय केलं, काय टाळलं ते लिहा. इथे पेन अडखळतं. अडखळलं तरी लिहा.
- मत, राग, निकाल सगळं शेवटी, एखाद-दोन ओळींत.

‘माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी पुढच्या प्रश्नांपासून सुरुवात करावी:

- आज मी कुठे ‘हो’ म्हटलं, जिथे मनात ‘नाही’ होतं?
- घरातली कोणती वस्तू मी कधीच टाकणार नाही? ती घरात आली कशी?
- माझ्याबद्दल घरात कायम सांगितली जाणारी गोष्ट कोणती? ती मला पटते का?
- मला येणारं असं कोणतं काम आहे, ज्याला मी काम समजतच नाही?

शेवटच्या प्रश्नावर मी नेहमी जास्त वेळ द्यायला सांगते. चाळीस माणसांच्या पंगतीला किती तांदूळ लागेल हे वाटी न लावता सांगणं, सातबारा उताऱ्यावर नजर टाकताच चूक कुठे आहे ते ओळखणं, आजारी माणसाला न दुखवता कुशीवर वळवणं, रुसलेल्या दोन भावांना एका ताटावर आणणं. ते काम पहिल्यांदाच करणाऱ्या माणसाला शिकवतोय असं धरून पायरीपायरीने लिहा. आधी काय पाहता, हात कुठे ठेवता, कधी थांबता. एखादं पान भरता भरता लक्षात येतं, की आपल्याजवळ वर्षांनी कमावलेली जाण आहे आणि तिला आजवर कुणी नाव दिलेलं नाही. स्वतःबद्दल आदर वाटायला याहून सरळ वाट मला माहीत नाही.

भीती वाटते? आधी लिहा, नंतरही लिहा

वही उघडा. डाव्या पानावर भीती वाटणाऱ्या प्रसंगाच्या आधी लिहा: काय होईल असं वाटतंय, ते होईलच याची खात्री दहापैकी किती, आणि झालंच तर मी काय करीन. प्रसंग होऊन गेल्यावर उजव्या पानावर प्रत्यक्षात काय झालं ते. बँकेत एकट्याने जाणं, मुलाखत, जाऊबाईंशी पैशांचं बोलणं, सोसायटीच्या सभेत उभं राहणं, इंग्रजीतून आलेला फोन, काहीही चालेल. विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचारांत तज्ज्ञ अशाच नोंदी करायला सांगतात, त्यामुळे ही रीत चांगली पारखलेली आहे.

दहा-बारा नोंदी झाल्या की डावी-उजवी पानं एकत्र वाचा. काही वेळा भीती खरी ठरलेली असेल. ती पानं फाडू नका. भीती खरी ठरल्यानंतर तुम्ही काय केलंत हे त्याच पानांवर आहे, आणि पुढच्या वेळी तेच उपयोगी पडेल.

भाषा तुमचीच ठेवा

शुद्धलेखनाची धास्ती घेऊन कितीतरी माणसं, विशेषतः शाळा अर्धवट सुटलेल्या बायका, वहीच्या वाटेलाच जात नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख लग्नानंतर झाली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आली आणि मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत आज तिची गणना होते. तिची सगळी ताकद घरातल्या बोलण्यासारख्या भाषेत आहे. तुमच्या वहीला तर परीक्षकच नाही. वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत, कोल्हापुरी ठसक्यात लिहा. घरी कोकणी आणि शाळेत मराठी असेल तर दोन्ही येऊ द्या. परदेशात वाढलेल्या मुलांनी अर्धं वाक्य इंग्रजीत लिहिलं तरी बिघडत नाही. आईशी झालेलं भांडण ज्या भाषेत झालं, त्याच भाषेत उतरू द्या.

खरा अडथळा वेगळाच आहे: शाळेत गिरवलेला निबंध. ‘मानवी जीवनात सुखदुःखाचा लपंडाव चालूच असतो’ असं वाक्य वहीत आलं, की समजा तुम्ही स्वतःपासून दूर गेलात. ते वाक्य कुणाचंही असू शकतं. त्याखाली ‘म्हणजे काय झालं?’ असं लिहा आणि त्याचं उत्तर द्या.

महिन्यातून एकदा मागे वाचा

स्वतःची ओळख बरीचशी या वाचनातच होते, आणि बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत. लाज वाटते, कंटाळा येतो. लिहून किमान तीन-चार आठवडे झालेले असावेत, म्हणजे दुसऱ्याचं वाचल्यासारखं वाचता येतं. हातात पेन्सिल ठेवा. मूळ मजकूर खोडायचा नाही, समासात खूण करायची.

- ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’ हे शब्द जिथे आलेत तिथे गोल करा. त्या पानावर त्याला पुरावा आहे का, ते पाहा.
- कुणाचं नाव वारंवार येतं? आणि रोज भेटूनही कुणाचं एकदाही येत नाही? न येणारं नाव बरंच सांगून जातं.
- वेळ कसा गेला हे विसरायला लावणारी कामं कोणती? त्यांच्यासमोर बाण काढा.
- तीच तक्रार तिसऱ्यांदा आली असेल, तर तिच्याखाली एक कृती लिहा: कुणाशी बोलायचं, कधी, किती वाजता. त्यानंतर तीच तक्रार पुन्हा लिहायची असेल तर आधी त्या कृतीचं काय झालं ते लिहा.
- जिथे तुम्ही काहीतरी निभावलं, तिथे तारीख अधोरेखित करा. वर्षाअखेरी फक्त त्या तारखा एका पानावर उतरवा. नोकरीचा अर्ज, पगारवाढीची मागणी, मुलाखतीतलं ‘स्वतःबद्दल सांगा’, या सगळ्यांना हे पान प्रत्यक्ष उपयोगी पडतं.

जुन्या नोंदीत आपण क्षुद्र, मत्सरी, रडके दिसलो तरी पान फाडायची घाई करू नका. तो त्या दिवसाचा माणूस आहे. चार महिन्यांनी त्याच विषयावर वेगळं लिहिलेलं सापडलं, तर आपल्यात काय बदललं हे दाखवणारं दुसरं साधन तुमच्याजवळ नसेल.

जड आठवणी लिहिताना जपा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सहकारी सँड्रा बील यांच्यासह १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं होतं. आयुष्यातला मोठा आघात, त्यातली घटना आणि भावना दोन्ही ज्यांनी लिहिल्या, त्यांना लगेच उदास वाटलं; पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर असे शेकडो अभ्यास झाले. सरासरी परिणाम माफक आहे आणि तो प्रत्येकाला मिळत नाही. त्यातून आपल्यासाठी घेण्यासारखं एवढं:

- अशा लेखनाला मुदत घाला. तीन-चार दिवस, पंधरा-वीस मिनिटं, मग थांबा. महिनोन्‌महिने तेच दुःख तसंच्या तसं लिहीत राहणं म्हणजे ते उगाळणं.
- लिहून झाल्यावर लगेच झोपायला जाऊ नका. थोडं चाला, कुणाशी तरी साधं बोला.
- घटना अगदी ताजी असेल तर घाई नको. आधी माणसं जवळ हवीत, वही नंतर.
- लिहिताना ‘मी’ सोडून स्वतःचं नाव वापरून पाहा: ‘सुनंदाला त्या दिवशी काय वाटलं?’ मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत अशा थोड्या अंतरावरून स्वतःशी बोलल्याने ताण कमी होताना दिसला आहे.
- लिहिता लिहिता आपण कोसळू असं वाटलं तर तिथेच थांबा, विषय बदला. पेनेबेकर स्वतःही हेच सांगतात.

झोप उडणं, जेवण सुटणं, जगणं नकोसं वाटणं असं काही होत असेल तर वहीवर अवलंबून राहू नका. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. तिथे मराठीतूनही बोलता येतं.

वही सुरक्षित कशी ठेवायची

कुणी वाचेल ही भीती असेल तर माणूस खरं लिहीतच नाही. बेबी कांबळे फलटणला दुकान सांभाळता सांभाळता लिहीत आणि लिहिलेले कागद घरच्यांपासून कित्येक वर्षं लपवून ठेवत. ते लेखन १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या पुस्तकातून लोकांपुढे आलं. तोवर ते जपणं हेच त्यांच्या हातात होतं. तुमच्या हातात काय आहे ते पाहा:

- घरातल्यांवर विश्वास असेल तर स्पष्ट सांगा: ‘ही माझी वही आहे, विचारल्याशिवाय उघडू नका.’ लपवलेल्या वहीपेक्षा सांगून ठेवलेली वही बरेचदा सुरक्षित राहते.
- विश्वास नसेल तर ऑफिसातला खण, मैत्रिणीचं घर, किंवा फोनमधली कुलूपबंद नोंद. फोनचा पासवर्ड घरात सर्वांना माहीत असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि नोंदी आपोआप घरातल्या दुसऱ्या संगणकावर उमटत नाहीत ना, हेही तपासा.
- माणसांची नावं बदलून किंवा नुसती आद्याक्षरं लिहा.
- लिहून फाडून टाकणं हाही एक मार्ग आहे. मन हलकं करण्यापुरतं लिहायचं असेल तर तो योग्यच. मागे वाचायचं असेल तर मात्र जपावं लागेल.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तरीही एखाद्या खटल्यात खासगी वही पुरावा म्हणून समोर येऊ शकते, हे ध्यानात ठेवा. याची दुसरी बाजूही आहे. घरात मारहाण, शिवीगाळ, पैशांची अडवणूक, धमक्या होत असतील तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार यांची नोंद ठेवा आणि ती घराबाहेर ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना अशा नोंदींचा आधार होतो. महिलांसाठीची मदतवाहिनी १८१. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

दुसऱ्याला दाखवायचं ठरलं तर

दाखवलंच पाहिजे असं नाही. काहींना मात्र वर्ष-दोन वर्षांनी वाटतं, की यातलं काही इतरांनी वाचावं. तेव्हा आख्खी वही देऊ नका. त्यातलं एक पान निवडून नव्याने उतरवा. वाचणाऱ्याला आधीच सांगा, ‘चुका काढू नका, कुठे लक्ष लागलं आणि कुठे सुटलं एवढं सांगा.’ पहिल्याच वाचनाला ऱ्हस्व-दीर्घ सुधारणाऱ्या माणसाला दुसरं पान देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

छापण्यापर्यंत गोष्ट गेली तर आपले हक्क माहीत असू द्या:

- तुम्ही लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो. नोंदणी सक्तीची नाही. तो तुमच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.
- हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते. ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापलेल्या कागदावर विचार न करता सही करू नका.
- पैसे भरून पुस्तक काढून देणाऱ्यांकडे किती प्रती, कोणता कागद, उरलेल्या प्रतींचं काय, हे सगळं लेखी मागा.
- आजोबांना आलेली पत्रं तुमच्या ट्रंकेत असली तरी त्यांतल्या मजकुराचा कॉपीराइट पत्र लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. छापण्याआधी परवानगी घ्या.
- जिवंत माणसांबद्दल लिहिताना जपा. वहीत राहिलेल्या मजकुराने बदनामी होत नाही. तो तिसऱ्या माणसापर्यंत पोचला की प्रश्न उभा राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे आणि मृत व्यक्तीबद्दलचा मजकूरही त्यात येऊ शकतो. नाव बदललं तरी गावातल्या लोकांना माणूस ओळखू येत असेल तर ते पुरेसं नाही. शंका असेल तर छापण्याआधी वकिलाला दाखवा.

खंड पडला तर

पडतोच. राहिलेले दिवस भरून काढायला जाऊ नका. आजची तारीख टाका आणि आजचंच लिहा.

घरातल्या इतरांना

तुमच्या घरात कुणी लिहीत असेल, मग ती नववीतली मुलगी असो, नाइट शिफ्टहून आलेला मुलगा असो की सत्तरीतली आई, तर ‘काय एवढं लिहितेस?’ असं हसत हसतही विचारू नका. वही उघडी दिसली तरी वाचू नका. मुलांच्या काळजीपोटी वाचावीशी वाटली तर आधी मुलांशी बोला. चोरून वाचलेलं त्यांना कळलं, की त्या दिवसापासून वहीत तुम्हाला आवडेल तेवढंच लिहिलं जातं. त्यांना रोज पंधरा मिनिटं कुणी हाक मारणार नाही, एवढी व्यवस्था तेवढी करा.